मिलिटरी ट्रक आणि फरार मिस्त्री

"भागवत, आपल्या जिल्ह्यात गुन्हेगार दोनच प्रकारचे," गजेंद्रभाऊ खिडकीतून चिखलीच्या एसटी स्टँडकडे रोखून पाहत म्हणाले. "एक, मी पकडलेले. दुसरे, माझं नाव ऐकून गुन्हा करायचा राहून गेलेले. माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदू..."

इथे ते योग्य प्राण्याच्या शोधात थांबले. भागवतने मदत केली नाही.

भागवत हा 'गरुडझेप डिटेक्टिव्ह एजन्सी'चा साहाय्यक होता. मोटारसायकल चालवणं, चहा सांगणं आणि गजेंद्रभाऊ एखाद्या ठिकाणाहून निघून गेले की मागे थांबून तिथल्या लोकांची माफी मागणं, ही त्याची कामं. पहिल्या प्रकारचा एकही गुन्हेगार त्याने आजवर पाहिला नव्हता. त्यावरून दुसऱ्या प्रकारच्यांची संख्या बरीच मोठी असावी, असं तो धरून चालत असे.

दारात धोतर-टोपीतले एक गृहस्थ उभे राहिले. नाव किसनराव, गाव साखरखेर्डा, चेहरा घरात कोणी आजारी असल्यासारखा.

"मेकॅनिक पाह्यजे," ते म्हणाले.

"केव्हापासून बेपत्ता आहे?" गजेंद्रभाऊंनी खुर्ची पुढे ओढली.

"कोन?"

"मेकॅनिक."

"बेपत्ता नाई हो. भेटूनच नाई राह्यला."

"तेच म्हणतोय मी. भागवत, पाणी आण. प्रकरण गंभीर आहे."

किसनरावांनी पाणी पिऊन सांगितलेली हकीकत अशी. लष्कराच्या लिलावातून निघालेला एक जुना ट्रक त्यांनी विकत घेतला होता. लहानपणी देऊळगाव राजाच्या रस्त्याने मिलिटरीच्या गाड्यांची रांग जाताना त्यांनी पाहिली होती. त्यातल्या एका जवानाने त्यांना हात केला होता. तेव्हापासून असा ट्रक आपल्या अंगणात असावा, एवढी एकच हौस त्यांनी बाळगली होती. आता ती पुरी झाली होती, आणि अडचण तीच होती. लिलावाच्या जागेवरून एका ड्रायव्हरने ट्रक व्यवस्थित चालवत आणला, अंगणात उभा केला आणि मिळेल त्या एसटीने तो परत गेला. त्यानंतर ट्रक सुरूच झाला नव्हता.

"ट्रॅक्टर लावून ओढायचा," भागवत म्हणाला.

"दोन लावले. चाक नाई हाललं. हवेचे ब्रेक हायेत म्हंते. इंजिन चालू झाल्याबिगर हवा भरत नाई, अन् हवा भरल्याबिगर चाक सुटत नाई. आन् रविवारी आमच्या पोरीचा, राखीचा साखरपुडा हाय. मांडव टाकाले तेवढंच अंगण. घरवालीनं सांगतलं, शनिवारपर्यंत हाल्ला तं हाल्ला, नाई तं भंगारवाला गॅसकटर घेऊन येईन. माह्यासमोर फोन केला हो तिनं त्याले." किसनरावांनी हवेत हाताने कापून दाखवलं. "तुकडे करून नेईन तो."

"गावात मिस्त्री नाही?"

"हायेत. पण म्हंते, मिलिटरीचा माल, हात लावला तं जेलात जाऊ."

गजेंद्रभाऊ उठून उभे राहिले. "किसनराव, घरी जा आणि निर्धास्त झोपा. मेकॅनिक पाताळात असला तरी काढतो."

मेकॅनिक पाताळात नव्हता. मेहकर रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये एका ट्रकखाली होता. बाहेर फक्त पाय दिसत होते.

"इंद्रभान मिस्त्री आपणच?" गजेंद्रभाऊंनी पायांना विचारलं.

"पायावरून वयखलं का?" ट्रकखालून आवाज आला.

"आमचं कामच आहे ते."

इंद्रभान मिस्त्री बाहेर सरकला. पन्नाशीचा, कोपरापर्यंत काळा, कानाला बिडी. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. "जुनं डिझेल इंजिन असन तं भेव नाई. उद्या सकाळी येतो. फक्त एक सांगा, त्या ड्रायव्हरनं गाडी बंद करताना..."

गजेंद्रभाऊंनी हात वर केला. "प्रश्न मी विचारतो. परवा रात्री तुम्ही कुठे होता?"

"घरी."

"साक्षीदार?"

"बायको."

"बायकोची साक्ष धरत नाहीत. भागवत, इकडे लक्ष दे. ट्रक साखरखेर्ड्यात बंद पडतो. आणि हा गृहस्थ लगेच यायला तयार होतो. 'लय काम हाय' नाही, 'पुढच्या हप्त्यात पाहू' नाही. असा मिस्त्री तू आयुष्यात पाहिलास?"

पाहिला नव्हता, हे भागवतला कबूल करावं लागलं.

इंद्रभान जसा आला होता तसाच ट्रकखाली परत सरकला. "उद्या जमत नाई. लगन हाय."

"कोणाचं?"

"कोनाचंबी."

"पळाला," गजेंद्रभाऊ समाधानाने म्हणाले आणि गॅरेजबाहेर पडले. भागवतने मागे थांबून पायांची माफी मागितली आणि त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवला.

गजेंद्रभाऊंनी मग जीवन नावाचा एक तरुण मेकॅनिक गाठला. याला त्यांनी काही विचारलं नाही, कारण मोटारसायकलवर तिघं बसल्यावर त्यांना श्वासच घेता येत नव्हता.

साखरखेर्ड्याला पोचल्यावर ट्रक शोधावा लागला नाही. किसनरावांच्या घरापेक्षा तो उंच होता. शेवाळी रंग, माणसाच्या मानेइतकी उंच चाकं, पुढे लोखंडी जाळी. अंगणात तो असा उभा होता की घर त्याच्या आडोशाला बांधल्यासारखं वाटे. किसनराव फडक्याने त्याचे दिवे पुसत होते. ओसरीवर त्यांची बायको, गोजरबाई, सुपात गहू निवडत बसली होती.

"आले का तपासवाले?" ती म्हणाली. "घ्या, तपासा. माह्या दारात येवढा मोठा मुद्देमाल हाय."

केबिनमध्ये चढताना प्रत्येकाने पायातलं काढलं. आत, स्टिअरिंगच्या बाजूला, पूजेचा नारळ लाल कापडात करकचून बांधलेला होता. ट्रक आला त्याच दिवशी किसनरावांनी पूजा घातली होती. जीवनने नारळाला हात जोडले, मग पिशवीतून आपलं स्कॅनर यंत्र काढलं आणि त्याची वायर लावायला जागा शोधू लागला. डॅशबोर्डखाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, बॉनेटमध्ये शिरून पाहिलं.

"याले भोकच नाई," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे?"

"वायर लावाचं भोक. मंग बिमारी कळन कशी? सेल-स्टार्टर तं मस्त फिरून राह्यला, पण डिझेल वर येत नाई. कारण याच्या पोटात असन. पंप उतरवा लागन, तो बाहेर पाठवा लागन. महिना पकडा."

"शनिवार हाय परवा," गोजरबाई ओसरीवरून म्हणाली.

जीवन गेला. गजेंद्रभाऊंनी ट्रकभोवती फेरी मारली. टायर ठोकून पाहिले, डिझेलच्या टाकीचा वास घेतला, सीट उचकटल्या. नारळाजवळ आले तेव्हा हात जोडून बाजूला झाले. देवावर संशय घेणं एजन्सीच्या नियमात बसत नव्हतं.

"उलगडलं," ते उतरून म्हणाले. "फौज ट्रक विकते, पण शत्रूच्या हाती पडला तर? म्हणून विकण्याआधी आत एक गुप्त कळ बसवतात. ती दाबल्याशिवाय ट्रक सुरू होत नाही."

"शत्रू कोन?" किसनरावांनी घाबरून विचारलं.

"सध्या तुम्ही."

मग गुप्त कळीचा शोध झाला. गजेंद्रभाऊंनी केबिनमधलं जे दिसेल ते दाबलं. एक बटण दाबल्यावर मागच्या आसाखाली एक बारीक दिवा लागला. दुसरं दाबल्यावर तो विझला. तिसऱ्याने भोंगा वाजला, आणि गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडून नदीचा रस्ता धरला. तिला आणायला भागवत गेला. तो परत आला तेव्हा नवा सिद्धांत तयार होता: घातपात घरातूनच झाला असावा.

"ट्रक बंद राहण्यात कोणाचा फायदा आहे?" गजेंद्रभाऊ ओसरीकडे तिरके पाहत म्हणाले. "मांडव कोणाला टाकायचाय?"

"मांडवाले जागा पाह्यजे म्हून मी ट्रक जाग्यावर खिळवला?" गोजरबाईने सूप खाली ठेवलं. "काहो, हा माणूस तुमी कुठून आनला? ह्याचीबी पूजा घालून नारळ बांधला का?"

घातपाताचा सिद्धांत त्यांनी मागे घेतला.

शुक्रवारी त्यांनी उत्तमराव फौजींना बोलावलं. उत्तमराव पेन्शनीवर आलेले, मिशा पीळदार, चालणं कदमतालात. अंगणात येऊन त्यांनी ट्रकला कडक सलाम ठोकला. किसनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"या ट्रकबरोबर तुम्ही किती काळ होता?" गजेंद्रभाऊंनी विचारलं.

"सारी नोकरी याच्यातच गेली. राजस्थान, लडाख, आसाम."

"मग तो सुरू कसा होतो, तुम्हाला ठाऊक असणार."

"हाव. सकाळी सुरू होते."

"कसा?"

"ते समोर बसनाराले माईत. आपुन मागं बसत होतो, भांड्याजवळ. मी लंगरात होतो, सायेब. साऱ्या पलटनीचा सैपाक माह्याकडं." त्यांनी किसनरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "रविवारी भाजी कोन करून राह्यलं? वांग्याची असन तं मी येतो."

केबिनमध्ये चढून तेही नारळाच्या पाया पडले आणि निघाले. तपासाची निष्पत्ती एवढीच, की साखरपुड्याला आचारी मिळाला.

शनिवार उजाडला. भंगारवाल्याचा फोन आला की तो निघालाय. मांडववाल्याने बांबू आणून गल्लीत टाकले. किसनराव ट्रकच्या चाकाला टेकून बसले होते. सकाळपासून त्यांनी चहाही घेतला नव्हता. त्यांना पाहून भागवतला वाटलं, आज माफी मागून भागायचं नाही. गजेंद्रभाऊ मात्र सायलेन्सरच्या तोंडाशी वाकून धुराच्या जुन्या काजळीचा अभ्यास करत होते.

गोजरबाई ओसरीवरून उतरली.

"काय करून राह्यली?" किसनरावांनी विचारलं.

"नारळ सोडाले जाते. देवाचा हाय तो. भंगारवाल्याच्या हाती नाई द्याचा. फोडते अन् परसाद वाटते."

ती चपला काढून वर चढली. कापडाच्या गाठी किसनरावांच्या हातच्या होत्या, म्हणजे बैल सुटणार नाही अशा. नारळ हलू नये म्हणून त्यांनी कापडाचे वेढे स्टिअरिंगच्या नळीलाही दिले होते. गोजरबाईने दातांनी एकेक गाठ सोडवली. शेवटचा वेढा निघाला आणि कापडामागे झाकलेली लोखंडी दांडी तिच्या पदरात अडकली. पदर टरकला.

"मेला खिळा! जाता जाता लुगडंबी फाडते!" म्हणत तिने हातातला नारळ त्या दांडीच्या डोक्यावर हाणला. दांडी आत गेली. नारळ शाबूत राहिला.

ती खाली उतरली. किसनराव उठले. "मले एक डाव बसू दे त्याच्यात," ते हळूच म्हणाले. "शेवटचं."

गोजरबाईने मान वळवली. ते चढले, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि निरोपाची म्हणून चावी फिरवली.

ट्रक गरजला.

गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली. सायलेन्सरमधून साठलेला काळा धूर सुटला आणि त्यात गजेंद्रभाऊ दिसेनासे झाले. पुन्हा दिसले तेव्हा फक्त डोळे पांढरे होते.

"मला हेच अपेक्षित होतं," ते म्हणाले.

हवा भरली, चाकं सुटली. किसनरावांनी ट्रक अंगणातून बाहेर काढला. गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा टेम्पो शिरत होता. आपला माल स्वतःच्या पायांनी सामोरा येताना त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने टेम्पो मागे घेतला तो थेट डांबरी रस्त्यापर्यंत.

ट्रक गावाबाहेरच्या रिकाम्या वावरात उभा राहिला. किसनरावांनी चावी फिरवली. ट्रक चालूच. चावी काढून हातात घेतली. ट्रक चालूच.

"चावीबिगर चालून राह्यला!" गर्दीतून कोणी तरी ओरडलं.

"भुताची शक्यता एजन्सीने आजवर नाकारली होती," गजेंद्रभाऊ पुटपुटले. "फेरविचार करावा लागेल."

भागवत बाजूला जाऊन इंद्रभान मिस्त्रीला फोन लावत होता.

"स्टिअरिंगपाशी एक दांडी असन," मिस्त्री म्हणाला. "गोल टोकाची. ते बाहेर ओढा. जुन्या गाड्या चावीनं बंद होत नाई. दांडी ओढली का डिझेल तुटते, इंजिन बंद."

"आणि ओढलेलीच राहिली तर?"

"तं सेल मारत बसा जिंदगीभर. ड्रायव्हरनं ओढून बंद केली असन अन् तशीच राह्यली असन. तेच तं इचारत होतो मी त्या दिवशी. तं तुमच्या सायेबानं मलेच इचारलं, परवा रात्री कुठं होता."

भागवतने फोनवरच पुन्हा माफी मागितली आणि सगळ्यांना दांडीचं सांगितलं.

"ते दांडी होय?" किसनराव ओशाळले. "मले वाटलं, नारळ बांधाची खुंटी हाय. येवढी पुढं आलेली, नीट हाताशी."

"मिलिटरीच्या ट्रकात नारळाची खुंटी?" भागवत म्हणाला.

"काऊन? जवान काय देवाले मानत नाई?"

किसनरावांनी दांडी ओढली. ट्रक थांबला. त्यांनी घाबरून ती आत ढकलली, चावी फिरवली. सुरू. पुन्हा ओढली. बंद. त्यांचा चेहरा उजळत गेला. सगळे घरी गेले तरी ते वावरात होते. ओसरीवर बसून प्रसादाचं खोबरं खाताना भागवतला दुरून ट्रक गरजल्याचा आणि थांबल्याचा आवाज येत राहिला. गजेंद्रभाऊ दोन्ही हातांनी चेहरा धूत सांगत होते की धूर हा या प्रकरणातला निर्णायक पुरावा होता.

रविवारी मांडव लागला, साखरपुडा झाला, वांग्याची भाजी संपली. गजेंद्रभाऊ मुलाकडच्या पाहुण्यांना स्वतःची ओळख करून देत होते. 'माझी नजर घारीची' इथपर्यंत ते आले असताना किसनरावांनी भागवतचा हात धरून त्याला मांडवामागे नेलं.

"ट्रक चालू होऊन नाई राह्यला," ते कुजबुजले.

"दांडी?"

"आत हाय. पन सेलच फिरत नाई. काल जरा जास्तच डाव चालू-बंद केला. बॅटरी उतरली वाटते." त्यांनी मांडवाकडे वळून पाहिलं आणि भागवतचा हात आणखी घट्ट धरला. "उतरू दे, उद्या इंद्रभान मिस्त्रीले आनतो मी. पन सायेबाले नका सांगू हो. ते शोध लावतीन."