धाकट्या जनुकाची हरकत

सोमवारी अकरा वाजता ज्वारीचं धाकटं जनुक आमच्या बीज केंद्राच्या कचेरीत आलं आणि म्हणालं, "माझ्यावर थोरल्याचा मजकूर उतरवायला माझी हरकत आहे."

कचेरीच्या नोंदी ठेवणाऱ्या उबाळेबाईंनी त्याला बाकावर बसवलं.

ही दोन जनुकं जोडीची. फार पूर्वी एकाचीच दोन झाली. दोघंही खोड हिरवं ठेवायची. पुढे धाकट्याची तीन अक्षरं बदलली आणि एका झाडाचं खोड तांबडं झालं. अशा वेळी थोरल्याचा मजकूर धाकट्यावर उतरवतात आणि दोघं सारखी होतात. ज्वारीत हे नेहमीच चालतं. हरकत मात्र पहिलीच.

"मूळ प्रत कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी." थोरलं मागोमाग आलंच होतं.

"कशावरून रे दादा? एकाच वेळी झालो आपण."

"सगळे मला थोरलं म्हणतात."

"तुला आधी मोजलं म्हणून!"

बाईंनी पुरावा मागितला. दोघांकडेही नव्हता.

साळवीसाहेब केबिनमधून बाहेर आले. "उद्या भेसळ काढायची आहे. तांबडं खोड दिसलं की झाड उपटलं जाईल. मुकाट्यानं उतरवून घे, झाड वाचेल."

"झाड वाचेल. मी नाही वाचणार."

"तीन अक्षरांसाठी एवढा हट्ट?"

"माझी तेवढीच आहेत, साहेब."

भेसळ काढायचं काम माझं. सातवीत शाळा सुटल्यापासून तेच करतो. वेगळं दिसेल ते मुळासकट उपटायचं. आजवर एकही झाड मला काही बोललं नव्हतं.

मंगळवारी बाराव्या ओळीत ते तांबड्या खोडाचं झाड सापडलं. कणीस नुकतं निसवत होतं, पानातून बाहेर येत होतं. मी खोडाला हात घातला.

"उपट," धाकटं म्हणालं. "पण वहीत 'वेगळं होतं' असं लिही. 'खराब होतं' असं लिहू नकोस."

मी हात काढला. खिशातली कागदी पिशवी कणसावर चढवली आणि तोंड बांधलं. आमच्याकडे पिशवी फक्त बियाण्यासाठी राखायच्या झाडाला बांधतात.

"ही कुणी बांधली?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"सोड ती."

"बांधलेली पिशवी दाणे भरेपर्यंत सोडायची नाही. नियम तुमचाच आहे, साहेब."

एवढं लांब वाक्य मी केंद्रात पहिल्यांदाच बोललो. साहेब तेराव्या ओळीकडे गेले.

बुधवारी अकरा वाजता थोरलं कचेरीत आलं. त्याला स्वतःवर ती तीन अक्षरं उतरवून हवी होती.

"मूळ प्रत कुणाची?" बाईंनी विचारलं.

थोरल्यानं धाकट्याचं नाव सांगितलं.