मिटणारी विळी

रामजीआबा लोहार कुणाच्याही घरी गेले की आधी चुलीपाशी जात आणि विळी उलटी करून तिचा नंबर बघत. मग हातातल्या सुतळीला एक गाठ मारत आणि त्यानंतरच "रामराम" म्हणत. किकवीच्या एका लग्नात तर त्यांनी आचाऱ्याच्या हाताखालच्या बायकांपुढची विळीच ओढली.

"आबा, कांदा तरी चिरू द्या!"

"चिरा की. आदी नंबर तेवडा बघू द्या."

भोर संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. पातं मिटणारी विळी वेल्ह्याच्या या लोहारानं काढली. पुण्याच्या एका कारखान्यानं नमुना घेतला आणि विकलेल्या प्रत्येक विळीमागे दोन पैसे रॉयल्टी कबूल केली; हिशेबासाठी प्रत्येक विळीच्या बुडाशी नंबर ठोकलेला असे. दुकानात पडून राहिलेल्या विळीवर काही नाही. भोरात विळ्या माझ्या दुकानात मिळत. किती विकल्या, कुठले नंबर शिल्लक, हे दर तिमाहीला मीच कारखान्याला कळवायचो आणि आबांना वाचूनही दाखवायचो.

आबांचा पोस्टमनवर विश्वास नव्हता, कारखान्यावर तर मुळीच नाही. "सुतळीत त्रेचाळीस गाठी, आन् कागद म्हनतो एकतीस! बारा इळ्या काय उडून गेल्या? लिवा शेट, तुमी चोर हाय म्हनून लिवा."

मी लिहायचो. पत्र गल्ल्याखाली सारायचो. त्या बारा विळ्या विकून पैसे मीच ठेवले होते आणि विळ्या शिल्लक दाखवल्या होत्या.

एका दुपारी आबा माझ्या घरी आले. बायको भेंडी चिरता चिरता पाणी आणायला उठली होती. विळी उघडी होती आणि आमची सुशी रांगत तिच्याकडे निघाली होती. आबांनी झटकन विळी उचलून उलटी केली. सत्तावीस. शिल्लक यादीतला नंबर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी गाठ मारली नाही. पातं मिटलं, विळी फळीवर ठेवली आणि सुशीला उचललं.

"नंबराचं ऱ्हाऊ द्या, शेट. पोर रांगती हाय, इळी मिटून ठिवत जा. आमची ठकी अशीच रांगत गेली हुती. पुना उठली न्हाई. म्हनून तर ही इळी काढली."

घरोघरी नंबर बघून झाल्यावर ते विळी मिटून ठेवत. मला आजवर फक्त गाठ दिसली होती.

त्याच दिवशी मी वहीत सत्तावीस नंबर 'विकला' असा लिहिला. आधीचे बारा लिहायची हिंमत यायला आणखी दोन तिमाह्या गेल्या. तेवढ्या काळात आबांनी माझ्याकडून एकही पत्र लिहून घेतलं नाही. यायचे, सुशीला मांडीवर घ्यायचे, आणि उठताना फळीकडे एकदा बघून जायचे.