टिल्डासाठी शांतता

"टाळ्याच बंद करायच्या आहेत ना? मी करते," सिग्ने टोर्विक म्हणाली. "बारा हिवाळे बर्फ हटवायचा ट्रक चालवतेय मी. दोनशे माणसांचे हात आवरायला कितीसा वेळ लागतोय."

समोर बसलेल्या हार्लोबाईंनी चष्मा काढून पुसला. सुपीरियर सरोवराकाठच्या त्या छोट्या गावात मुलींच्या धावण्याचा उपक्रम त्या चालवत. आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर सराव आणि मेच्या शेवटच्या शनिवारी शाळेपासून बंदरावरच्या बागेपर्यंत पाच किलोमीटरची धाव, प्रत्येक मुलीबरोबर घरचं एक मोठं माणूस. हार्लोबाई भल्या होत्या. फक्त त्यांचा भलेपणा सगळ्यांसाठी एकाच मापाचा शिवलेला असायचा.

सिग्नेची दहा वर्षांची टिल्डा त्या मापात बसत नव्हती. टिल्डाला ऑटिझम होता. पळायला तिला मनापासून आवडे. हात अंगाला चिकटवून, वाटेतल्या प्रत्येक विजेच्या खांबाला बोट लावत ती झकास पळे. टाळ्या मात्र तिला सोसत नसत. "कपाटातल्या सगळ्या बश्या एकदम पडतात तसं वाटतं," असं ती सांगे. सरावाच्या शेवटच्या दिवशी मुलींनी दोन रांगा केल्या आणि टिल्डा येताच कडकडून टाळ्या वाजवल्या. टिल्डा थांबली, मागे वळली आणि जी सुटली ती दीड किलोमीटरवरच्या आपल्या घरात पलंगाखाली जाऊनच थांबली. तिच्यामागे धावलेली ब्रिन, म्हणजे मुलींची प्रशिक्षिका, वाटेतच धापा टाकत रस्त्याच्या कडेला बसली.

"मी काय म्हणते," हार्लोबाई हळुवारपणे म्हणाल्या, "टिल्डाची धाव आपण सोमवारी वेगळी घेऊ. शाळेच्या मैदानावर, कोपऱ्यात. आपण तिघीच. तिलाच बरं वाटेल."

"तिला, की तुम्हाला?"

"अगं, ती पळून गेली त्या दिवशी."

"पळायचाच उपक्रम आहे ना हा? इतरांपेक्षा दीड किलोमीटर जास्तच पळाली. कोपऱ्यात पळायला तिने काय गुन्हा केलाय? शनिवारी पळेल, सगळ्यांबरोबर पळेल."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: टिल्डाने गर्दीच्या पाच मिनिटं मागून सुटायचं, आणि लोकांनी टाळ्यांऐवजी हात हलवायचे. लोकांना बजावण्याचं काम सिग्नेचं.

"आणि टाळ्या वाजल्याच, तर?" हार्लोबाईंनी विचारलं.

"तर पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल तसं. पण वाजणार नाहीत."

एवढं छातीठोकपणे सांगून सिग्नेने ते काम दिलं आपल्या वडिलांना. तिथंच ती चुकली.

आर्विड टोर्विक, वय वर्षं चौऱ्याहत्तर, जन्मभर सरोवरात मासेमारी केलेला माणूस. दिवसाला वीसेक शब्द त्यांना पुरत. शनिवारी सकाळी धावेच्या वाटेवरच्या पाच टेबलांवर पाण्याचे खोके पोचवायला तेच जाणार होते, म्हणून सिग्नेला ते सोयीचं वाटलं.

"बाबा, प्रत्येक टेबलावर सांगायचं. टिल्डा येईल तेव्हा टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. नुसते हात हलवायचे. काय सांगाल?"

"शांत राहा."

"कुणासाठी?"

"टिल्डासाठी."

सिग्ने खूश झाली. एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. मे महिन्यात बर्च झाडांचे पराग उडायला लागले की आर्विडच्या डोळ्यांना धार लागे, नाक लाल होई आणि घसा बसे.

पहिल्या टेबलावर बेकरीवाली लॅव्हर्न होती. आर्विडनी खोका ठेवला, टोपी काढून तिनेच डोळे पुसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आज शांत राहा. टिल्डासाठी."

"काय झालं, आर्विड?"

आर्विडनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण घशातून शिट्टीच निघाली. त्यांनी नुसती मान हलवली, नाक ओढलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

लॅव्हर्नने तोंडावर हात ठेवला. मग तो काढून फोन हातात घेतला.

आर्विड तिसऱ्या टेबलाशी पोचले तेव्हा तिथले लोक आधीच टोप्या काढून उभे होते. चौथ्या टेबलावर एका धिप्पाड प्लंबरने त्यांना मिठीच मारली. वयोमानाने गाव प्रेमळ होत चाललंय, असं आर्विडना वाटलं.

नऊ वाजेपर्यंत अग्निशमन केंद्रावरचा झेंडा अर्ध्यावर उतरला होता आणि सिग्नेच्या ओसरीवर चार घरांतून जेवण आलं होतं. या गावात दुःख कुणी बोलून दाखवत नाही. खिमा, बटाटे आणि चीज काचेच्या भांड्यात घालून भट्टीत भाजायचं आणि गुपचूप दारात ठेवून यायचं, ही इथली रीत. त्यामुळे सिग्नेला एक फोन करून विचारावं, हे कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी धीर झाला नसता.

इकडे शाळेपाशी सगळ्या मुली सुटल्या, पाच मिनिटं गेली, आणि ब्रिनने नुसता हात हलवून टिल्डाला सोडलं. कानांवर आवाज अडवणारी जाड निळी झाकणं लावून टिल्डा निघाली. मागे सिग्ने, कामावरचं भडक नारिंगी जाकीट घालून.

पहिल्या वळणावर माणसं ओळीने उभी होती. टोप्या हातात, माना खाली. बाबांनी काम चोख केलं म्हणायचं, असं सिग्नेच्या मनात आलं. एका गृहस्थाने तर छातीवर हात ठेवला होता. हे जरा जास्त होतंय, असं तिला वाटलं, पण तक्रार कशाला करायची?

"आई," टिल्डा पळता पळता म्हणाली, "हे फार छान आहे. रोज असं का नसतं?"

माना खाली घातलेल्या लोकांना आधी बूट दिसले, मग त्यांनी वर पाहिलं. लॅव्हर्नच्या हातातला पाण्याचा जग तिच्याच पायांवर रिकामा झाला, पण तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. प्लंबर मटकन खुर्चीत बसला. मग डोळ्यांवर विश्वास न बसलेली माणसं एकेक करून त्यांच्या मागे चालू लागली, अगदी दबक्या पावलांनी. चौथ्या किलोमीटरला सिग्नेने वळून पाहिलं तर मागे साठेक माणसं. हे तिने सांगितलं नव्हतं.

बंदरावरच्या बागेत हार्लोबाई व्यासपीठावर उभ्या होत्या. हातात कागद, आवाज कापरा.

"टिल्डा आमच्या उपक्रमात होती," त्या माइकवर वाचत होत्या. "ती पळायची. तिच्या हसण्याने आमचं मैदान उजळून जायचं. ती सर्वांची लाडकी होती. आमच्या उपक्रमाचा ती आत्मा होती."

"पण ती आमच्या मागून येत होती," गवतावर बसलेली डॅनिका नावाची मुलगी म्हणाली. बागेतच थांबलेल्या तिच्या आईने तिला जवळ घेऊन गप्प केलं.

तेवढ्यात टिल्डाने शेवटची रेघ ओलांडली, कमानीच्या खांबाला बोट लावलं आणि ती थांबली. हार्लोबाईंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा कागदापेक्षा पांढरा पडला.

सिग्नेने उघडी डोकी पाहिली. पाद्रीबुवांच्या हातातलं खिमा-बटाट्याचं भांडं पाहिलं. मग तिला सगळा उलगडा झाला. हसू आणि संताप असे दोन्ही एकदम आले, आणि संताप आधी पोचला.

हार्लोबाई कागदाची घडी घालत होत्या.

"घडी घालू नका," सिग्ने म्हणाली. "वाचा पुढे."

"सिग्ने, शपथ सांगते, गैरसमज झाला. लोक म्हणाले..."

"ते कळलं मला. मेली असं वाटलं तर उपक्रमाचा आत्मा. जिवंत होती तेव्हा सोमवारी मैदानाच्या कोपऱ्यात. आता ती समोर उभी आहे, तर कागद खोटा ठरला का?"

टिल्डा व्यासपीठावर चढली.

"बघू," ती म्हणाली. तिने कागद घेऊन नीट वाचला आणि हार्लोबाईंच्या खिशातली पेन्सिल मागितली. "हे चूक आहे. मी पळताना हसत नाही. दातांना गार लागतं." एक ओळ खोडली. "सर्वांची लाडकी, हेही चूक. डॅनिकाला मी आवडत नाही. तिनेच सांगितलंय."

गवतावरून डॅनिकाने मान डोलावली.

"आत्मा म्हणजे काय ते मला माहीत नाही, म्हणून खोडते." शेवटी दोनच वाक्यं उरली. टिल्डाने तीही तपासली. "इथे 'होती' लिहिलंय. 'आहे' पाहिजे. आणि 'पळायची' नाही, 'पळते'." तिने ते नीट, सुवाच्य अक्षरात दुरुस्त केलं आणि कागद परत दिला. "आता वाचा."

हार्लोबाईंनी माइक बाजूला सारला आणि अगदी हळू वाचलं, "टिल्डा आमच्या उपक्रमात आहे. ती पळते." मग त्यांनी सिग्नेकडे पाहिलं आणि कागदावर नसलेलं एक वाक्य जोडलं. "आणि पुढच्या वर्षीही शनिवारीच पळेल."

दोनशे माणसांचे हात वर गेले आणि हलू लागले. पाद्रीबुवांनी भांडं काखेत धरून एक हात हलवला. कुणी हूं की चूं केलं नाही.

आणि त्या शांततेत फाडकन एक टाळी वाजली.

दोनशे माथी वळली. लॅव्हर्नने डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. सिग्नेने आपलेच दोन्ही हात पाहिले आणि ते हळूच नारिंगी जाकिटाच्या खिशात घातले.

टिल्डाने कानांवरची झाकणं घट्ट दाबून धरली होती.

"आई," ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"