सासरेबुवांचे टोले

जुन्या घड्याळाला फक्त जाणता हात लागतो, असं जावईबापू जेवताना, चहा पिताना आणि कुणी विचारलेलं नसतानाही सांगत. शेल्फवर मांडायची अकरा लाकडी घड्याळं त्यांनी भंगारातून उचलून आणून स्वतः दुरुस्त केली होती. अकराही चालत होती. प्रत्येकाची वेळ वेगळी होती, एवढंच.

सासऱ्यांचं बंद पडलेलं घड्याळ मात्र पोरखेळ नव्हता. सासऱ्यांना अंधुक दिसायचं, काटे कळत नसत. त्यांचा सगळा दिवस टोल्यांवर चालायचा, पाचची रक्तदाबाची गोळीसुद्धा. तरी बापूंनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "दोन दिवसांत देतो." आज पाचला सासरे ते न्यायला येणार होते.

चार वाजता घड्याळाने खणखणीत नऊ टोले दिले.

बापूंना दरदरून घाम फुटला. या जातीच्या घड्याळात काटे कुठेही असोत, टोले आपल्या क्रमानेच पुढे जातात आणि मागे काही येत नाहीत. म्हणजे टोल्यांचा खटका दाबत दहा, अकरा, बारा, एक असं पार चारपर्यंत वाजवत न्यायचं. बापूंनी सुरुवात केली, तोच उरलेल्या अकरांनाही चार वाजल्याचं आठवलं, एकेकाला आपापल्या सवडीने.

"अहो, कितवा चाललाय?" बायकोने आतून विचारलं.

"बोलू नकोस, मोजतोय!"

तेवढ्यात चाराच्या पुढे पाचाचे टोलेही पडून गेले. आता पुन्हा सगळा फेरा, त्र्याहत्तर टोले.

"दोन दिवस फोन करकरून गोळी दिलीय मी बाबांना," बायको दारात येऊन म्हणाली. "उद्या चुकली तर?"

हीच भीती बापूंनाही होती. शेवटी त्यांनी अकराही लंबक धरून थांबवले आणि श्वास रोखून नव्याने मोजलं. टोले जुळले तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती आणि दारात सासरे उभे होते.

पाच वाजले. घड्याळाने नेमके पाच टोले दिले. बापूंना रडूच यायचं बाकी होतं.

गोळी काढायला खिशात गेलेला सासऱ्यांचा हात थांबला. "तीनच वाजले? फारच लवकर आलो मी."

"तीन कसे, बाबा? पाच टोले पडले की," बापू म्हणाले.

"पाच म्हणजे तीनच. ते दोन जास्त देतं. वीस वर्षं ते दोन वजा करतोय मी."

बापूंनी बायकोकडे पाहिलं.

"आम्ही सगळे काटे बघायचो," ती हळूच म्हणाली.

बापू मुकाट्याने उठले. त्यांनी खटका दाबला. सहा टोले पडले.

"चार," सासरे म्हणाले.

पुन्हा दाबला. सात.

"हां, आता पाच." सासऱ्यांनी समाधानाने गोळी तोंडात टाकली आणि पाण्यासाठी हात पुढे केला. "एवढ्याशा कामाला दोन दिवस लागले होय, जावईबापू?"