झाडाची अपॉइंटमेंट

माझ्या हाताला गुण आहे, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्या कोणी ते अजून सांगितलेलं नाही. विमा कंपनीत नोकरीला होतो तेव्हा माझ्या टेबलावर पाण्याच्या बाटलीत मनीप्लांट होता. नऊ वर्षं टिकला. तेवढ्या काळात तीन साहेब बदलले, दोन पंखे जळाले, मनीप्लांट मात्र तसाच. त्यामुळे लवकर निवृत्ती घेऊन मी बायकोच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायला लागलो आणि एके दिवशी ती म्हणाली, "बाहेरच्या खोलीत एखादं मोठं झाड ठेवू या," तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "ते माझ्यावर सोड."

बायको दातांची डॉक्टर. बावीस वर्षं तिनं नाव कमावलंय. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या आणि समोर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र. पेशंट ते चित्र बघत बसतात आणि नंबर येईपर्यंत चुन्यासारखे पांढरे पडतात. झाड असलं तर नजर तरी दुसरीकडे जाईल, असा तिचा विचार.

"अहो, पण त्या खोलीत उजेड नाही," ती म्हणाली. "कमी उजेडात जगणारं काय मिळतं ते नीट विचारून आणा."

"मी विचारायचं? अगं, झाडं मला विचारतात."

नर्सरीवाल्या बाई कोपरापर्यंत मातीत होत्या. मला एक उंच झाड बघताक्षणी आवडलं. सहा फूट, पानं सुपाएवढी, ऐट अशी की मीच बाजूला सरकून उभा राहिलो. फिडल लीफ म्हणतात त्याला. बाईंनी हात पुसले आणि स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"कुठं ठेवणार?"

"दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत."

"खिडकी आहे?"

"आहे की."

"ती उघडते कशावर?"

"हवेवर," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. आमची खिडकी आणि शेजारच्या इमारतीची भिंत यांच्यामध्ये वीतभर हवा आहेच.

बाईंनी मला खालून वर पाहिलं. "उजेड कमी असेल तर हे नेऊ नका. हे झीझी न्या. अंधारात ठेवा, पाणी घालायला विसरा, तरी मरत नाही." त्यांनी दाखवलेलं झाड ठीकच होतं. गरीब स्वभावाचं. पण मला राजा हवा होता. मी राजा घेऊन आलो.

चार दिवस कौतुक झालं. पाचव्या दिवशी, सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना, टप्प करून एक पान खाली पडलं. सहाही माणसांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक आजोबा म्हणाले, "इथं झाडाचीसुद्धा पडतात वाटतं." त्यांच्या शेजारची बाई पर्स उचलून निघून गेली.

मी पान उचललं आणि अपॉइंटमेंटच्या वहीखाली दडपलं. आठवड्याभरात वहीखाली अकरा पानं झाली आणि वही उंचावर ठेवल्यासारखी दिसायला लागली. मी पाणी वाढवलं, आणखी दोन पडली. पाणी कमी केलं, तीन पडली. बायकोनं एकदा विचारलं, "झाड जरा बारीक झालंय का हो?" मी म्हणालो, "अगं, ते उंच व्हायला लागलंय." कबूल करायचं कसं? झाडं मला विचारतात, असं सांगून बसलो होतो ना.

त्याला ऊन हवं होतं. आणि आमच्या दवाखान्यात ऊन एकाच ठिकाणी येतं, बायकोच्या उपचाराच्या खोलीत, सकाळी दहा ते बारा. त्या खोलीचा तिचा कायदा कडक आहे. मातीचा कणसुद्धा आत येता कामा नये. मी तिथं चहाचा कपही घेऊन जात नाही.

पण माणूस पेचात सापडला की त्याची बुद्धी नको तिथं चालते. मी सुताराकडून चाकांची एक फळी करून घेतली, झाडाची कुंडी तिच्यावर चढवली आणि कुंडीला बाहेरून स्वच्छ कापड गुंडाळलं, कायद्याचा मान म्हणून. पेशंटच्या तोंडात मशीन सुरू झालं की बायकोला जगाचं भान नसतं. ती दाराकडे पाठ करून बसते, डोक्याला दिवा, कानात मशीनची घरघर. मी ओणवा होऊन, पानांच्या आड, भिंतीच्या कडेनं झाड हळूहळू ढकलत खिडकीपाशी न्यायचो. काम संपायच्या आत परत आणायचो.

पहिले दोन पेशंट डोळे गच्च मिटून होते, त्यामुळे माझा धीर वाढला. मग मी अपॉइंटमेंटच झाडाच्या सोयीनं द्यायला लागलो. दात साफ करणं म्हणजे पंधरा मिनिटं, त्यात काय ऊन मिळणार? ते सगळे दुपारी. रूट कॅनाल म्हणजे पाऊण तास, ते सकाळी दहा ते बारा. एका बाईंनी फोनवर विचारलं, "सकाळची मिळेल का?" मी विचारलं, "दुखणं मुळापर्यंत गेलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही, वरवरचं आहे." "मग चार वाजता या," मी म्हणालो.

पानगळ थांबली. शेंड्याला एक हिरवं टोक दिसायला लागलं. मी खूश होतो.

आणि एके दिवशी गल्लीतले शिंपीकाका आले. त्यांच्या खालच्या दाढेचं काम चाललं होतं, तोंड वासलेलं, आणि डोळे टक्क उघडे. शिंप्याचा डोळा, कशाला मिटतोय. झाड दारातून आत येताना त्यांनी पाहिलं आणि हात वर करून "आ... आ..." करायला लागले.

"दुखतंय का?" बायकोनं विचारलं.

त्यांनी मान हलवली, बोट दाखवलं. "आआ..."

"थोडं आणखी इंजेक्शन देते. हात खाली घ्या."

मी झाडासकट मागच्या मागे बाहेर आलो. काम झाल्यावर शिंपीकाका काउंटरपाशी आले. अर्धा चेहरा बधिर, त्यामुळे हळू बोलत होते. "आत झाड आहे का हो?"

"आत? छे. झाड हे काय, इथं आहे." त्या क्षणी ते तिथंच होतं. फक्त आत्ताच घाईनं कोपऱ्यात सरकवल्यामुळे त्याची पानं अजून हलत होती. शिंपीकाकांनी हलणाऱ्या पानांकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, पंखा बंद होता. मग गाल धरून ते निघून गेले.

तिथंच शहाणं व्हायला हवं होतं. पण दोन दिवसांनी मोठ्या बाईंची अपॉइंटमेंट होती, साडेदहाची. मोठ्या बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या रस्त्यानं निघाल्या की मोठी माणसंसुद्धा शर्टाची बटणं लावतात. त्यांची अक्कलदाढ काढायची होती. बायकोनं इंजेक्शन दिलं आणि हिरडी बधिर होईपर्यंत पाठ वळवून त्यांचा कागद लिहीत बसली. मी बाहेरून घरघर ऐकायला हवी होती. तेवढ्यात पाण्याचा नळ वाजला, मला वाटलं मशीनच. ढकललं झाड आत.

मी चार पावलं गेलो असेन. खोलीत अजिबात आवाज नव्हता. मी थबकलो, पानांच्या फटीतून पाहिलं. मोठ्या बाई खुर्चीत आडव्या, आणि सरळ माझ्याकडे बघत होत्या. मी एक एक इंच मागे सरकत बाहेर आलो.

मग आतून शाळेत हजेरी घ्यावी तशा शांत आवाजात ऐकू आलं, "डॉक्टर, मला आत्ता झाड चालताना दिसलं."

बायकोनं दाढ काढली नाही. नाडी पाहिली, बी.पी. घेतलं, मोठ्या बाईंना तासभर बसवून ठेवलं आणि रिक्षानं घरी पाठवलं. नंतर तिनं त्या इंजेक्शनच्या खोक्यातला डोस ज्यांना ज्यांना दिला होता त्या सगळ्यांना फोन केले. शिंपीकाका म्हणाले, "बरं झालं तुम्हीच विचारलंत. मी घरी सांगितलं नाही, उगाच काळजी करतील. पण झाड आलं होतं."

दोन पेशंट, एकच खोकं, एकच भास. तिनं औषधवाल्याला धारेवर धरलं. खोकं कपाटात बंद केलं. दोन दिवसांच्या अपॉइंटमेंट रद्द केल्या, आणि त्या रद्द करायचे फोन करायला मी होतोच. जेवताना तिचं लक्ष नव्हतं. "बावीस वर्षांत असं झालं नाही हो," ती म्हणाली. "कोणाला काही झालं असतं तर?" मी तिला आणखी एक पोळी वाढली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "त्याच खोक्यातलं स्वतःला टोचून बघते. तुम्ही समोर बसा. मला काय दिसतं ते मी सांगेन, तुम्ही वेळ घालून लिहून घ्या."

"अगं, नको."

"मी पेशंटला देते ते मी घ्यायला घाबरू?"

आरशात बघून तिनं स्वतःच्या खालच्या हिरडीत सुई टोचली आणि खुर्चीत आडवी झाली. मी वही घेऊन बसलो. ती भिंतीकडे बघत होती, झाडाची वाट बघत. इतक्या प्रामाणिकपणे की माझ्याच्यानं पाहवेना. सात मिनिटं मी तग धरला.

"काही दिसणार नाही तुला," मी म्हणालो. "तो भास नव्हता. झाड मीच आणत होतो. उन्हासाठी."

ती उठून बसली. तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे, पुढे काय येणार मला ठाऊक होतं. पण ओठ बधिर झाले होते, 'म' काही उमटेना.

"तुन्ही," ती म्हणाली. "नाझ्या खोलीत. नाती."

मला हसू आलं. आयुष्यात केलेल्या चुकांमध्ये हे हसू फार वरच्या नंबरावर आहे. तिनं औषधं लिहायचा पॅड ओढला आणि खसाखसा लिहून माझ्या हातात दिलं. एक, झाड आजच्या आज परत. दोन, शिंपीकाका, मोठ्या बाई आणि औषधवाला, तिघांची माफी, समक्ष. तीन, उरलेलं बोलणं ओठ शुद्धीवर आल्यावर. तिसरं कलम संध्याकाळी सव्वापाचला अमलात आलं आणि बराच वेळ चाललं.

नर्सरीवाल्या बाईंनी झाड सासरी जाच झालेल्या लेकीसारखं जवळ घेतलं. "दिवसातून किती वेळा हलवत होता?"

"पाच-सहा."

"अहो, याला जागा बदललेली मुळीच खपत नाही." झाडाला काय काय सोसावं लागलं, हे मला त्या दिवशी कळलं. मी मान खाली घालून झीझी घेऊन आलो.

औषधवाल्यानं मी दुकानात पाऊल ठेवताच माफ केलं. शिंपीकाकांना तर इतका आनंद झाला की माझ्या पँटची उंची त्यांनी फुकट कमी करून दिली. राहिल्या मोठ्या बाई. पंधरा दिवसांनी त्या दाढेसाठी पुन्हा आल्या, तेव्हा बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी उभा राहिलो आणि शाळेतल्या पोरासारखं सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "झाडाच्या खाली चपला होत्या. उजवीचा अंगठा सेफ्टी पिननं अडकवलेला."

मी पाय काउंटरच्या आड घेतले. "मग तुम्ही तेव्हाच डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

मोठ्या बाईंनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दाढ काढायची होती ना. फार भीती वाटते हो मला."

आतून बायकोनं हाक मारली. मोठ्या बाई उठल्या, पदर सारखा केला, कोपऱ्यातल्या नव्या झाडापाशी क्षणभर थांबल्या.

"हे चालत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.