पोवळ्याला चुना कोणी लावला?

"लिही," भाऊजी म्हणाले. "हाडाचा गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती..." इथे ते अडले. "स्मरणशक्ती कोणाची असते गं?"

"हत्तीची."

"हत्तीची. आणि काळीज वाघाचं."

मी टाइप करत होते. व्हिजिटिंग कार्डावर एवढं प्राणिसंग्रहालय मावणार नाही, हे मी बोलले नाही. ताईने, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीने, मला बजावलं होतं, "दुपारचे दोन तास ह्यांना घराबाहेर ने. बाकी माझं काही मागणं नाही."

भाऊजींनी बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली. लोक छत्र्या आणून द्यायचे, लोक छत्र्या घेऊन जायचे. त्यांना स्वतःला काहीही शोधावं लागलं नाही, पण आपण शोधलं असं त्यांचं ठाम मत झालं. निवृत्त होताच ते गुप्तहेर झाले, आणि शाळेच्या ऑफिसातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली मी त्यांची सहायक.

त्याच दुपारी आमच्या दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा ते वेटिंग रूममध्ये, समुद्राच्या पाण्याच्या मोठ्या टाकीसमोर खांदे पाडून बसले होते.

"कॅल्शियम गायब होतंय," ते म्हणाले.

भाऊजींनी त्यांच्या जबड्याकडे निरखून पाहिलं. "किती दात गेले?"

"माझं नाही हो. टाकीतलं."

टाकीत दोन नारिंगी मासे होते, एक जाडजूड गोगलगाय होती आणि मधल्या दगडावर फांद्या फुटलेलं जांभळं पोवळं होतं. डॉक्टरांच्या मुलीने ते नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी ती शिकायला परगावी गेली आणि टाकी बाबांच्या गळ्यात पडली.

"पोवळं हाडासारखं असतं," डॉक्टर म्हणाले. "पाण्यातलं कॅल्शियम घेऊनच ते वाढतं. ती गेली तेव्हा लिटरला चारशे तीस मिलिग्रॅम होतं. आता बघा." त्यांनी नळीत टाकीचं पाणी घेतलं, पूड घातली, आणि गुलाबी झालेल्या पाण्यात औषधाचे थेंब मोजून सोडले. पाणी निळं झालं. "तीनशे चाळीस! मी रोज घालतोय, वाढवून घालतोय, आणि आकडा खालीच. फांद्यांची टोकं बघा, कशी पांढरी पडलीत."

"मुलीला सांगितलंत?" मी विचारलं.

डॉक्टर खाली बघू लागले. "दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करते. तीन रविवार मी तिला नुसते मासे दाखवतोय."

भाऊजी उठले. "डॉक्टर, तुम्हाला पाण्यात पाहणारं कोणी आहे?"

"सगळेच पेशंट. त्यासाठीच तर टाकी इथे ठेवलीय."

पहिला संशय गोगलगायीवर गेला. "स्वतःचं पक्कं घर असलेली एकमेव व्यक्ती," भाऊजी माझ्या कानात म्हणाले. "बांधकामाला माल कुठून आला?" त्यांनी दीड तास तिच्यावर पाळत ठेवली. तेवढ्यात ती चार बोटं सरकली. भाऊजींनी वहीत लिहिलं, 'संशयिताचा पळून जाण्याचा प्रयत्न.' मग त्यांचा डोळा लागला. डॉक्टरांनी सांगितलं की गोगलगाय थोडं कॅल्शियम घेते खरं, पण एवढं रिचवायला असल्या शंभर तरी लागतील. भाऊजींनी टाकीमागे वाकून उरलेल्या नव्व्याण्णव शोधल्या.

दुसरा संशय तळमजल्यावरच्या केमिस्टवर. त्याच्या काचेच्या कपाटात कॅल्शियमच्या गोळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या.

"हा माल येतो कुठून?" भाऊजींनी डोळा बारीक करून विचारलं.

केमिस्टने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "काका, तुमच्या वयाला रोज एक. जेवणानंतर." भाऊजी वर आले ते बाटली घेऊनच. तो पुरावा आहे असं ते म्हणाले, पण रात्री जेवणानंतर त्यांनी त्यातला एक पुरावा घेतला, असं ताई सांगते.

दुसऱ्या दिवशी तिसरा संशय. क्लिनिक झाडणाऱ्या मावशी टाकीची काच पुसत होत्या आणि त्यांच्या ओल्या फडक्यावर पांढरी पूड होती. भाऊजींनी वही उघडली.

"बुधवारी दुपारी चार ते सहा कुठे होतात?"

"घरी."

"साक्षीदार?"

"सासूबाई."

भाऊजींनी वहीतलं नाव खोडलं. "सासू सुनेच्या बाजूने बोलणार असेल," ते मला म्हणाले, "तर बाई निर्दोष आहे." फडक्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं. मलाही सुचलं नाही, हे इथे कबूल करते.

तेवढ्यात डॉक्टर एका पेशंटचा जबडा बधिर व्हायला सोडून बाहेर आले. "टाकीला पाजायची वेळ झाली," असं म्हणत त्यांनी कपाटातून दोन बाटल्या काढल्या. एका बाटलीत कॅल्शियम, दुसरीत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार. पोवळ्याला दोन्ही लागतं. डॉक्टर घाईत होते. त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही बाटल्या एकाच कोपऱ्यात उपड्या केल्या आणि आत पळाले.

पाण्यात पांढरा ढग उठला.

"झालं. परत दूध," मावशी म्हणाल्या आणि फडकं पिळायला लागल्या.

"म्हणजे?" मी विचारलं.

"रोज असंच होतं. दोन्ही एकदम ओततात, दूध होतं, मग त्याचा चुना होऊन बसतो. काचेवर, पंपावर. ते हत्यारं उकळायचं मशीन नाही का, त्याच्यात बसतो ना, तसाच. ते मी व्हिनेगरने घासते." त्यांनी फडकं माझ्यापुढे धरलं. "कॅल्शियम कुठे जात नाही, ताई. मी रोज पुसते."

भाऊजींनी वही मिटली. मग ते म्हणाले, "हे आधी का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही बुधवारचं विचारलंत. बुधवारी मी खरंच घरी होते."

डॉक्टरांना बोलावून मी सगळं सांगितलं. ते फडक्याकडे बघतच राहिले. जितका आकडा घसरला तितकं त्यांनी जास्त ओतलं होतं, आणि जितकं जास्त ओतलं तितका जास्त चुना बसला होता. आपल्याच टाकीला आपणच चुना लावत होते बिचारे. बधिर झालेला पेशंट दारात येऊन ऐकत उभा होता. त्यालाही वाईट वाटलं असावं, पण चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी तिथेच मुलीला फोन लावला आणि एका दमात सगळं कबूल केलं.

"बाबा!" ती ओरडली. "एक सकाळी, एक संध्याकाळी! दोन्ही एकदम कोण ओततं?"

"तू चिठ्ठीत लिहिलंस, 'दोन्ही रोज, विसरू नका.' मी एक दिवसही विसरलो नाही गं."

पलीकडे ती हसली. "तीन आठवडे एकट्यानेच काळजी करत बसलात?"

"मला वाटलं, माझ्या हातून मेलं तर तुला काय तोंड दाखवू."

"आता आकडा एका दिवसात वर न्यायचा नाही हं. रोज दहा-वीसच वाढू दे. एकदम झटका बसला तर ते सोसणार नाही." मग तिने मावशींना फोन द्यायला सांगितला. त्या दोघी बराच वेळ बोलल्या. त्यानंतर सकाळची बाटली डॉक्टरांकडे आणि संध्याकाळची मावशींकडे, असं ठरलं. पंप व्हिनेगरमध्ये बुडाला आणि काच खरवडून निघाली.

तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा आकडा चारशे वीसवर आला होता. पांढऱ्या टोकांवर जांभळी कड परत धरू लागली होती आणि फांद्यांवर बारीक बारीक केसर उमलले होते. डॉक्टरांनी फोन काचेला अगदी चिकटवला.

"अजून जवळ, बाबा," मुलगी म्हणाली. मग ती एकेक टोक बघत राहिली. डॉक्टर हात अवघडला तरी तसेच उभे राहिले.

"बाबा, तुमच्यामागे ते वाकून बघणारे काका कोण?"

भाऊजी ताठ झाले. त्यांनी कॉलर सारखी केली.

"पेशंट आहेत," डॉक्टर म्हणाले.

खुलासा करायला भाऊजींनी मोठा आ केला. डॉक्टरांनी सवयीने आत डोकावून पाहिलं.

"खालची उजवी दाढ," ते म्हणाले. "किडलीय. बसा खुर्चीत."