शिडी

मुलुंडच्या श्यामसुंदर गोखल्यांना कुठलीही गोष्ट आधी स्वतः तपासून पाहायची सवय होती. चहा कढत आहे का, खुर्ची डुगडुगते का, सगळं. त्यामुळे मेहुण्यांसाठी लावलेली शिडीही त्यांनीच तपासायला घेतली.

मेहुणे विद्याधरदादा हवाई दलातले निवृत्त वैमानिक. वय अठ्ठ्याहत्तर. नाशिकहून बहिणीकडे आले होते ते एवढ्याचसाठी, की उघड्या मैदानावरच्या एका संग्रहालयात त्यांनी उडवलेलं मिग विमान उभं होतं. जुने वैमानिक म्हणून रखवालदाराने त्यांना आत बसता यावं यासाठी खास कॉकपिटची काच उघडून दिली होती.

"दादा, थांबा. आधी मी बघतो," श्यामसुंदर म्हणाले.

"अहो, तुम्ही कशाला?" त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई ओरडल्या. तोवर श्यामसुंदर वर चढून आत बसलेही होते.

बसले ते बसलेच. पोट आणि समोरचा विमान वळवायचा दांडा यांच्यात बोटभरही फट उरली नाही. उन्हाने पत्रा तापलेला. खाली गर्दी जमली, मोबाइल वर झाले.

"काका, श्वास आत घ्या ना!" रखवालदार ओरडला.

"घेतलाय रे! तोपण अडकलाय!"

"श्यामराव, डावा खांदा खाली. हळू. घाबरू नका," दादा खालून शांतपणे सांगत राहिले. शेवटी गर्दीतल्या दोघांनी वर चढून बखोटीला धरून ओढलं. श्यामसुंदर सुटले, पण पँटचा खिसा आतच राहिला.

तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब आले. त्यांनी काच बंद करून कुलूप लावलं. "आजपासून कुणालाही आत बसवायचं नाही. वाट लावाल विमानाची!"

मृणालिनीबाईंनी विनवण्या केल्या. दादांनीच त्यांना थांबवलं. त्यांनी विमानाच्या पोटावर एकदा हात फिरवला आणि ते गाडीकडे चालू लागले.

परतताना श्यामसुंदर कसेबसे म्हणाले, "दादा, माझ्यामुळे..."

"छे हो! बरंच झालं. माझे गुडघे कुठले चढतायत? चारचौघांत माझीच फजिती झाली असती."

श्यामसुंदरांचा जीव भांड्यात पडला. घरी पोचल्यावर दादा आडवे झाले, तसे ते स्वयंपाकघरात आले. "ऐकलंस ना? त्यांना चढायला जमणारच नव्हतं. उगाच मनाला लावून घेत होतो."

मृणालिनीबाई चहा गाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"वहिनीचा आत्ताच फोन आला होता. विचारत होती, चढताना दम नाही ना लागला? दादा महिनाभर रोज सकाळी घरातल्या माळ्याला शिडी लावून सराव करत होता म्हणे."